आधी आडनाव सांग

दादा,

तुमच्या नातीला मुलगी झाली. बाळंतपणाला ती आमच्याकडं लातूरलाच होती, आणि गेल्या रविवारी नांदेडला तिच्या सासरी बाळाचं नाव ठेवलं. तुम्ही जाऊन सव्वीस वर्षं झाली, या सव्वीस वर्षांत तुम्हाला दोन ओळी लिहाव्यात असं मला कधी सुचलं नाही. तुम्ही होता तेव्हा तरी मी पत्र कुठं लिहायचो? लिहायचो ते मायच्या नावानं, आणि खाली तुम्हाला नमस्कार. पण या महिन्यात घरात दुसरा विषय नव्हता. बाळाचं नाव काय ठेवायचं, आणि ते आडनावाला शोभतं का. हा विषय निघाला की तुम्ही आठवणारच. तुमच्याइतकं त्यातलं कळणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

तुम्ही कामाला होता तो छापखाना नांदेडला इतवाऱ्यातल्या गल्लीत होता, दोन पायऱ्या उतरून आत जावं लागायचं. शाळा सुटली की मी तिथं यायचो. तुम्ही खिडकीपाशी उभे असायचा. समोर लाकडी खाने, प्रत्येक खान्यात एकेका अक्षराचे शिशाचे खिळे. तुमची बोटं न बघता बरोबर खान्यात जातात, ओळ उलटी जुळत जाते, आणि तुम्ही ती सुलटी असल्यासारखी वाचत राहता. आपल्या वस्तीतलं कुणीतरी पायऱ्यांवर येऊन उभं राहतं. पोरगी झाली म्हणतं, एखादं चांगलं नाव सांगा म्हणतं. तुम्ही हातातलं काम न थांबवता म्हणता, "आधी आडनाव सांग." नवा माणूस गोंधळायचा. तुम्ही त्याला समजावून सांगायचा की नाव हौसेनं ठेवता येतं, आडनाव असतं ते असतं, म्हणून त्याच्या मापानं बघावं लागतं. आडनाव लांब असेल तर नाव आखूड पाहिजे. आडनावात जोडाक्षर असेल तर नावात नको, नाहीतर मास्तराची जीभ अडखळते आणि पोरगी आयुष्यभर ती अडखळ ऐकत बसते. माय दारातून हाक मारते तेव्हा नुसतं नाव असतं, पण हजेरीत आडनाव आधी येतं, म्हणून तुम्ही दोन्ही प्रकारे म्हणून बघायचा. मग चार खिळे जुळवून, शाई लावून कागदाच्या पट्टीवर ते नाव छापून त्या माणसाच्या हातात द्यायचा. ज्याला वाचता येत नव्हतं तोसुद्धा ती पट्टी घडी करून खिशात जपून ठेवायचा. तुमचे मालक गल्ल्यावरून हसायचे. "मियाँ, नाम रख रा के कपडे सी रा?" असं म्हणायचे, पण कागदाला कधी नाही म्हणाले नाहीत.

सातवीत असताना मी वह्यांवर आडनाव लिहिणं बंद केलं. नाव लिहायचं, तुमचं नाव लिहायचं आणि थांबायचं. वर्गात तसं कुणी काही बोललं नव्हतं. नवे मास्तर हजेरी घेताना आपल्या आडनावापाशी यायचे, मान वर करून एकदा बघायचे आणि पुढे जायचे, एवढंच. पण रोज सकाळी हजेरी सुरू झाली की मी त्याचीच वाट बघत बसायचो. तुम्ही एका सुट्टीच्या दिवशी माझ्या वह्यांना खाकी कागद लावत बसला होता. पहिल्या वहीवर तुमची नजर थांबली. मग दुसरी घेतली, तिसरी घेतली. मला वाटलं आता मार बसणार. तुम्ही टाक मागवला आणि आठही वह्यांवर तुमच्या त्या छापल्यासारख्या अक्षरात आडनाव लिहिलं. वह्या माझ्याकडं सरकवल्या आणि म्हणालात, "वळ अर्धी सोडू न्हाई." मला वाटलं तुम्ही छापखान्यातला ओळी जुळवायचा नियम सांगताय.

पुढं लातूरला कॉलेजात शिकवायची नोकरी लागली, लग्न झालं आणि आम्ही दोघं खोली बघायला लागलो. हे मी तुम्हाला कधी सविस्तर सांगितलं नाही. घर आवडायचं, मालकाला आम्ही आवडायचो, प्राध्यापक म्हटल्यावर चहा यायचा. चहा पिता पिता आडनाव विचारलं जायचं. त्यानंतर कुणाच्या घरी लग्न निघायचं, कुणाचा भाऊ बदली होऊन यायचा, कुणाला खोलीची डागडुजी करायची असायची. कुणीही तोंड वाकडं केलं नाही, सगळे गोडच बोलले. एका घरी तर कपबशी हातात होती आणि मालकीणबाई म्हणाल्या, राहू द्या, कप मी विसळते. तुमची सून तेव्हा पोटुशी होती. त्या बाईनं आमचे दोन कप बाजूला नळाखाली ठेवले ते तिनं पाहिलं.  पुढच्या महिन्यात मी अर्ज केला. मुखेड तालुक्यातल्या आपल्या गावाच्या नावाला 'कर' लावला आणि गॅझेटात आडनाव बदलून घेतलं. त्यानंतर पहिल्याच घरी खोली मिळाली. तुमची सून म्हणत राहिली, दादांना कळवा. मी म्हणत राहिलो, भेटीत सांगू, हे काय पत्रात लिहायचं आहे?

आणि मग तुमची नात जन्मली. तार मिळाल्यावर तुम्ही दुसऱ्याच दिवशी अहमदपूरमार्गे एसटीनं आलात. धोतर स्वच्छ होतं, नखांत शाई तशीच होती. घरमालकीणबाई बाळाला बघायला म्हणून आत येऊन बसल्या होत्या. तुम्ही हातपाय धुतलेत, नातीला मांडीवर घेतलंत, बराच वेळ तिच्या कपाळाकडं बघत राहिलात. मग टोपीच्या घडीतून कागदाची पट्टी काढलीत. मला लगेच कळलं त्यात काय आहे. तुम्ही इतके आनंदात होता की त्या बाईंनाच सांगायला लागलात, की काल तार आल्यापासून जुळवाजुळव करून राहिलो होतो, आमचं आडनाव लांब म्हणून दोन अक्षरांचंच नाव काढलं, आणि वाचूनच दाखवतो. पट्टी तुम्ही डोळ्यांपासून लांब धरलीत. मी पुढं झालो आणि ती तुमच्या हातातून काढून घेतली. "दादा, नंतर," एवढंच म्हणालो, आणि पट्टी शर्टाच्या खिशात कोंबली. तुमचा हात तसाच वर राहिला होता. बाई काही न कळून हसल्या. तुम्हीही थोडं हसलात.

त्या गेल्यावर मी सांगितलं. सगळी घरं सांगितली नाहीत, कपाचं तर नाहीच. आडनावामुळं खोली मिळत नव्हती म्हणून बदललं, असं एका वाक्यात सांगितलं, जणू सदऱ्याचं बटण तुटलं म्हणून बदललं. तुम्ही विचारलं, "कवा?" मी म्हणालो, चार महिने झाले. मायला ठाऊक आहे का, असं विचारलंत. मी नाही म्हणालो. नात तुमच्या मांडीवर झोपली होती, म्हणून तुम्ही हलला नाहीत. चूल... नाही, स्टोव्ह होता तेव्हा आमच्याकडं, त्याच्या आवाजात तुमचं बोलणं मला नीट ऐकू येईना, म्हणून मी जवळ बसलो. "मला इचारलं असतं तर मी नको म्हनलो नसतो," तुम्ही म्हणालात. "मीबी ह्या आडनावानं काय काय ऐकलंय ते मला ठाऊक हाय. तू इचारलं न्हाईस, एवढंच."

दादा, तुम्ही ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं. मी उलट बोललो असतो, माझ्याकडं तयारी होती. चार महिने मनात भांडण करून ठेवलं होतं. ते सगळं तसंच राहिलं. तुम्ही थोड्या वेळानं नवं आडनाव विचारलंत. मी सांगितलं. तुम्ही ते तीन-चार वेळा पुटपुटलात, आपल्याच गावाचं नाव पहिल्यांदा ऐकल्यासारखं. मग म्हणालात, मी आणलेलं नाव ह्याला लागत न्हाई, ह्याच्यापुढं दोन अक्षरं उघडी पडतेत. आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं गेलात. आठ दिवसांनी पोस्टकार्ड आलं. त्यावर खुशाली नव्हती, आशीर्वाद नव्हता. मधोमध फक्त एक छापील ओळ होती, 'सुजाता', पुढं माझं नाव, पुढं नवं आडनाव. तुमच्या हातानं जुळवलेलं. ज्या हातानं आठ वह्यांवर जुनं लिहिलं होतं, त्यानंच. ते नाव आम्ही ठेवलं. ते खरोखरच त्या आडनावाला शोभलं. शाळेत, कॉलेजात, नोकरीच्या पहिल्या दिवशी जो तो तिला म्हणायचा, काय छान नाव आहे तुझं.

त्यानंतर तुम्ही चार वर्षं होता. लातूरला तीनदा आलात, आणि तिन्ही वेळा संध्याकाळच्या गाडीनं परत गेलात. त्यातली एक भेट मला विसरता येत नाही, तोवर आम्ही दुसऱ्या घरी भाड्यानं राहायला गेलो होतो. मी कॉलेजातून आलो तर तुम्ही ओट्यावर बसला होता, आणि घरमालक शेजारी खुर्चीत. दोघं पावसापाण्याचं बोलत होते. मी फाटकातून आत येत असताना त्यांनी तुम्हाला नाव विचारलं. मी तिथंच थबकलो. तुम्ही तुमचं पहिलं नाव सांगितलंत. ते पुढचं ऐकायला थांबले. तुम्ही म्हणालात, "सरांच्या गावाकडचा हाय मी." माझ्याकडं न बघता म्हणालात. मी येऊन तुमच्या पाया पडलो असतो तर त्या माणसाला कळलं असतं तुम्ही माझे कोण. मी पाया पडलो नाही. पिशवी घेऊन आत गेलो आणि तुमच्या सुनेला चहा टाकायला सांगितला. ओळ अर्धी तुम्हीही सोडलीत, दादा, माझ्यासाठी, आणि मी ती तशीच राहू दिली.

आता तुमची नात तीस वर्षांची आहे, नांदेडला सरकारी नोकरीत आहे. जावई आपल्यातलाच आहे, आणि त्यांच्या घरानं आडनाव बदललेलं नाही. तेही आपल्या जुन्यासारखंच आहे, लांब, ऐकताक्षणी सगळं सांगून टाकणारं. लग्नानंतर तिनं ते हट्टानं लावलं. मी म्हणालो होतो, आजकाल बदलत नाहीत मुली, राहू दे की माहेरचं. ती म्हणाली, पप्पा, माहेरचं तरी कुठं माहेरचं आहे?

बाळ बारा दिवसांचं झालं तेव्हा तिनं मला कामाला लावलं. म्हणाली, आजोबांसारखं आडनावाला शोभेल असं नाव काढून द्या. मी आनंदानं बसलो. चार दिवस मोबाइलवर याद्या बघितल्या, वहीत उतरवून काढल्या. सकाळी स्वयंपाकघरात तुमची सून अळिवाची खीर करत होती, लेक बाळाला घेऊन पाटावर बसली होती, आणि मी एकेक नाव वाचायला लागलो. अन्वी, सई, शर्वरी, ईशानी, मृण्मयी. ती ऐकत होती. वीसेक नावं झाली तशी तिनं विचारलं, यातलं एक तरी आपल्या नात्यात कुणाचं आहे का? मी म्हणालो, नाही, म्हणूनच तर नवीन आहेत. ती बाळाला थोपटत राहिली. मग आवाज न चढवता म्हणाली, "पप्पा, तुम्ही आडनावाला शोभेल असं नाव नाही शोधत आहात. आडनाव झाकलं जाईल असं शोधताय."

तुमच्या सुनेचा खीर ढवळणारा हात थांबला. मी वहीकडं बघितलं. तिचं खरं होतं. चार दिवसांत मी एकाही नावाबरोबर ते आडनाव जोडून म्हणून बघितलं नव्हतं. नुसतं नाव ऐकून समोरचा काय समजेल, एवढंच बघत होतो. तुमच्या पायऱ्यांवर उभं राहून मी शेकडो वेळा ऐकलं होतं की आधी आडनाव सांग, आणि मी तेच सोडून बाकी सगळं मांडलं होतं.

मला राग आला, हेही लिहितो. खोलीसाठी किती दारं झिजवली हे तुला माहीत आहे का, असं मी तिला म्हणालो. तिला माहीत नव्हतं. मग सांगावं लागलं. घरं सांगितली, कप सांगितले. पट्टीचं सांगितलं आणि ओट्याचंही सांगितलं. तीस वर्षांत पहिल्यांदा सांगितलं, आणि सांगताना तुमच्या सुनेकडं बघितलं नाही. खीर खाली लागल्याचा वास यायला लागला तेव्हा तिनं गॅस बंद केला.  लेकीला कदाचित मला दोष द्यायचा होता, कदाचित नव्हता, मला ओळखता आलं नाही. शेवटी म्हणाली, आजोबा कसं म्हणून बघायचे ते दाखवा.

मी तिच्या सासरचं आडनाव मोठ्यानं म्हणालो. आमच्या त्या घरात असं आडनाव इतक्या मोठ्यानं कधी उच्चारलं गेलं नव्हतं, खिडकीही उघडी होती. त्याच्यामागं एकेक नाव लावून बघितलं. विशाखा लावलं, अडखळलं. मेत्ता, म्हणजे मैत्री, लावलं, चांगलं होतं पण हाक मारताना तुटत होतं. मग ती म्हणाली, मुदिता. दुसऱ्याच्या सुखानं होणारा आनंद, विहारात वंदनेला जाते तिथं भंतेजींनी एकदा त्याचा अर्थ सांगितला होता म्हणे. मी हजेरीसारखं म्हणून बघितलं. ते आडनाव संपताना तोंड उघडं राहतं आणि 'मु' म्हणताना मिटतं, म्हणून दोन्ही शब्द एकमेकांत सांडत नाहीत. नाव आखूड, जोडाक्षर नाही, शेवट मोकळा. तुम्हीही हेच काढलं असतं असं नाही म्हणत. पण नापसंत केलं नसतं.

नामकरणाचं कार्ड तिनंच तयार केलं. आता खिळे नाहीत, दादा, मोबाइलवर मजकूर जुळतो आणि दुपारपर्यंत छापून येतो. तिनं मला दाखवलं तेव्हा सर्वांत वर तुमचं नाव होतं. गेलेल्या माणसाला आपल्यात लिहितात तसं आधी कालकथित, मग तुमचं पूर्ण नाव, जुन्या आडनावासकट. त्याच्या खाली माझं, नव्या आडनावासकट. मी म्हणालो, वाचणाऱ्याला कळणार नाही आम्ही एकमेकांचे कोण ते. ती म्हणाली, विचारतील की मग. 

रविवारी नांदेडला हॉलमध्ये पन्नास-साठ माणसं होती. वंदना झाली, बाळ झोपलेलंच होतं. नाव जाहीर केल्यावर तुमच्या सुनेनं पदरानं डोळे पुसले. जेवणं चालू असताना जावयाची आत्या कार्ड हातात घेऊन माझ्याकडं आली. पन्नाशीची बाई, मुखेडकडंच दिलेली. तुमच्या नावावर बोट ठेवून तिनं विचारलं, हे इतवाऱ्यातले कंपोझिटर का? मी हो म्हणालो. ती म्हणाली, "माझं नाव त्यांनीच ठिवलं व्हतं. मायनं पट्टी लई वर्षं जपली." मग तिनं विचारलं मी त्यांचा कोण. मी म्हणालो, मुलगा. तिनं खालची ओळ वाचली, माझ्याकडं बघितलं, पुन्हा वरची वाचली. लग्नाला तीन वर्षं झाली, आम्ही दहादा भेटलो असू, पण माझ्या आडनावावरून तिला कधी शंका आली नव्हती. "बरं झालं कार्ड वाचलं," म्हणाली, आणि मला आग्रह करून जिलबी वाढली.  एवढी वर्षं किती जणांनी तुमची आठवण माझ्याजवळ काढली असती आणि मी तुमचा मुलगा हे कळलं नाही म्हणून काढली नसेल, हाच विचार करत बसलो.

हे पत्र कुणाला दाखवणार नाही, लेकीला तर नाहीच. तिनं लातूरच्या आमच्या गल्लीत वाटायला अकरा कार्डं मोजून दिली होती. या गल्लीत आम्ही बावीस वर्षं राहतो. माणसं चांगली आहेत, माझ्या आजारपणात रात्ररात्र बसलेली आहेत, आणि त्यांना बहुधा सगळं माहीतही असेल. मी अकराही घरी गेलो. पेढे दिले, नात झाल्याचं तोंडी सांगितलं, नाव सांगितलं, कार्डं पिशवीतून बाहेर काढली नाहीत. सगळ्यांना नाव आवडलं. लेकीनं फोनवर विचारलं, कार्डं सगळ्यांना पोचली ना पप्पा? मी हो म्हणालो.